चप्पल, कावळा आणि ‘कोको’

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



काल याच व्यासपीठावर पाटबंधाऱ्यांवर बोलणं झालं, उद्या ज्ञानेश्वरी आहे, आणि मधल्या संध्याकाळी मी आणि कार्टून. मगाशी चहाच्या टेबलापाशी एका गृहस्थांनी विचारलंच, “बाई, तासभर बोलण्यासारखं काय असतं हो त्यात?” त्यांना मी सांगितलं की पडद्याबद्दल थोडंच बोलणार आहे. बोलणार आहे ते खुर्च्यांबद्दल.

उभी हयात फिल्म सोसायटीत गेली. तिथे एक खोड लागली ती अजून सुटत नाही. सिनेमा रंगात आला की मी मान वळवते आणि लोकांचे चेहरे बघते. आमच्या सोसायटीत परदेशी सिनेमा लागला की मंडळी आधीच चेहरा लावून बसलेली असत. हनुवटीखाली हात, कपाळावर दोन आठ्या. मुलांच्या सिनेमाला हे कुणी करत नाही. ‘आपण काय, पोरांना घेऊन आलोय’ अशा थाटात मोठी माणसं बसतात, एक डोळा मोबाइलवर. म्हणजे अगदी बेसावध. आणि बेसावध माणसाला गाठणं सोपं असतं.

आज एकच सिनेमा घेते. पिक्सारचा ‘कोको’, 2017 सालचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नातवंडांबरोबर पाहिला असेल. मेक्सिकोतलं जोडे बनवणारं एक घराणं. घरात गाण्याला बंदी, आणि मिगेल नावाच्या पोराला गाण्याचंच वेड. मृतांच्या सणाच्या रात्री तो मृतांच्या नगरीत जाऊन पोचतो. त्या नगरीचा नियम असा की जिवंतांपैकी कुणीतरी तुमची आठवण ठेवत असेल तोवरच तुम्ही तिथे आहात. शेवटचा माणूस विसरला की विरून गेलात.

आता, प्रेक्षक सिनेमाला तिकीट काढल्यावर येतो असं आपण धरून चालतो. ‘कोको’चा प्रेक्षक चार वर्षं आधीच येऊन दारात उभा होता, आणि चांगलाच संतापलेला होता. 2013च्या मे महिन्यात डिस्ने कंपनीने ‘दिया दे लोस मुएर्तोस’ हे शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला. म्हणजे मृतांच्या सणाचं नावच. समजा उद्या एखाद्या कंपनीने ‘सर्वपित्री’ हा शब्द खेळण्यांच्या खोक्यावर छापायला स्वतःच्या नावावर करून मागितला, तर? अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांनी गदारोळ केला. निषेधाच्या अर्जावर वीस हजारांवर सह्या झाल्या आणि काही दिवसांतच डिस्नेने माघार घेतली. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकाराने तेव्हा एक चित्र काढलं होतं: मिकीसारखा दिसणारा एक अवाढव्य सांगाडा शहरावर चाल करून येतोय.

पुढे पिक्सारने याच अल्काराझला सल्लागार म्हणून बोलावलं. त्यांच्याबरोबर नाटककार ओक्टाव्हियो सोलिसही होते. अल्काराझ गेले, आणि फितूर झाला म्हणून आपल्याच माणसांच्या शिव्या खाल्ल्या. मला विचाराल तर त्यांनी बरं केलं. बाहेर उभं राहून ओरडण्याचं काम त्यांनी चोख केलं होतं. आत जाऊन कटकट करणारंही कुणीतरी लागतंच.

ती कटकट किती बारीक असते ते पाहा. मिगेलची आजी तापट आहे, गाणारा दिसला की मारायला धावते. आधी तिच्या हातात लाकडी डाव होता. सल्लागार म्हणाले, डाव कसला? मेक्सिकन आजी पायातली चप्पल काढते! तिथे चपलेला ‘चांक्ला’ म्हणतात, आणि आजीची चांक्ला हे तिथल्या प्रत्येक पोराच्या पाठीला माहीत असलेलं प्रकरण आहे. डाव गेला, चप्पल आली. (इथे पुढच्या रांगेतल्या काही पाठी हललेल्या मला दिसल्या.)

दुसरी गोष्ट याहून मोठी. दिग्दर्शक ली अंक्रिच यांच्या डोक्यात आधी वेगळंच कथानक होतं. आई मेक्सिकन असलेला एक अमेरिकन मुलगा, आई वारलेली, तो आजोळी मेक्सिकोला जातो आणि गेलेल्या माणसातून मन सोडवायला शिकतो. बरंच काम झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उलटंच सांगतोय. तो सण मन सोडवण्याचा नाहीच, धरून ठेवण्याचा आहे. ते कथानक बाजूला ठेवलं आणि नव्याने मांडणी केली. सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना हे स्वतः मेक्सिकन-अमेरिकन घरातले, तेव्हा टोचणी घरातूनही होतीच.

20 ऑक्टोबर 2017ला मेक्सिकोत मोरेलियाच्या चित्रपट महोत्सवात ‘कोको’ पहिल्यांदा दाखवला, आणि 27 तारखेला तो तिथल्या थिएटरांत लागला. अमेरिकेत लागायला अजून जवळजवळ महिना होता. सण 1 आणि 2 नोव्हेंबरचा, म्हणजे घरोघर ओफ्रेंदा मांडायची तयारी चाललेली. मृतांचे फोटो, त्यांच्या आवडीचं जेवण आणि झेंडूची फुलं मांडतात, ती ओफ्रेंदा. त्यात 19 सप्टेंबरला मोठा भूकंप होऊन साडेतीनशेवर माणसं गेलेली. ज्या घरांत त्या वर्षी एक फोटो नव्याने मांडायचा होता, त्या घरांतली माणसंही याच खुर्च्यांत बसली असणार. काही आठवड्यांतच ‘कोको’ मेक्सिकोत तोवर सर्वांत जास्त कमाई केलेला सिनेमा ठरला. गाजण्याची इतर कारणं सांगता येतील, पण मला वाटतं ती मंडळी आपली चप्पल आणि आपली फुलं नीट मांडलीत की नाही, हे तपासायलाही गेली असावीत. गिटारवरची बोटंसुद्धा खऱ्या वादकांची चित्रफीत घेऊन त्याबरहुकूम बसवलेली आहेत. गाणाऱ्यांच्या देशात बोट चुकलेलं खपत नाही.

एका गोष्टीवर मात्र ते प्रेक्षक भडकले. ‘कोको’च्या आधी ‘फ्रोझन’मधल्या ओलाफ या बर्फाच्या बाहुल्याचा 21 मिनिटांचा नाताळपट जोडलेला होता. मूळ सिनेमा पावणेदोन तासांचा, आणि त्याआधी जाहिराती सोडून एकवीस मिनिटं गाणी! लग्नाच्या पंगतीत पानं मांडून झाल्यावर एखाद्याने भाषण सुरू करावं, तसं झालं. मेक्सिकोतल्या थिएटरांनी तो तुकडा काढूनच टाकला, अमेरिकेतूनही डिसेंबरात तो गेला. बिचाऱ्या ओलाफचा तसा काही दोष नव्हता.

चीनची गंमत वेगळी. तिथे सिनेमातल्या भुताखेतांवर सेन्सॉरचा डोळा असतो आणि या सिनेमात अर्ध्याहून जास्त पात्रं मेलेली. तरी तो लागला. सुरुवात बेताची होती, मग लोकांनी लोकांना सांगितलं आणि कमाई शंभर कोटी युआनच्या पुढे गेली. पूर्वजांची थडगी साफ करायला दरवर्षी जाणाऱ्या समाजाला मेक्सिकोचा नकाशा समजावून सांगावा लागला नाही.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे तो नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. मी सात वर्षांच्या नातीला घेऊन गेले होते. मागच्या रांगेत एक नऊवारीतल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन पोरं. पडद्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा पूल आला, सगळा अंधार केशरी झाला, तशा आजी मोठ्यांदा म्हणाल्या, “अगं बाई, झेंडूच की हा!” त्यांच्या आवाजात, आपलं फूल तिकडे कसं गेलं, असं आश्चर्य होतं. खरं तर ते तिकडून इकडे आलेलं. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे पोचला. दसऱ्याच्या तोरणात आपण त्यांचं फूल ओवतो. पण तेव्हा मागे वळून हे सांगण्याइतकी मी अजून वाया गेलेली नाही.

थोड्या वेळाने आजींनी मुलाला विचारलं, “यांच्यात कावळा नसतो का रे?” मुलगा म्हणाला, “आई, हळू.” मला मात्र तो प्रश्न कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाचा वाटला. आजी त्या सिनेमाला पितृपक्षाचं माप लावून बघत होत्या आणि एक वस्तू कमी पडत होती. नैवेद्य आहे, फुलं आहेत, मग तो पोचवणार कोण? आणखीही एक फरक आहे. आपल्या श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. त्यापलीकडच्यांचं नाव निराळं घेत नाहीत. विसरण्याचीही आपण रीतसर सोय केलेली आहे. मिगेल ज्याला शोधत जातो तो त्याचा खापरपणजोबा. आपल्या हिशेबात तो बसतच नाही.

परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं, ते आपण पाडतो. इथे ते कुठे पडावं? चिचारोन नावाचा एक म्हातारा, त्याची आठवण ठेवणारं जगात कुणी उरलेलं नाही, तो गाणं ऐकता ऐकता विरून जातो. तो विरला आणि खट्‌कन दिवे लागले, आणि समोशाची जाहिरात. नातीने विचारलं, “तो मेलेलाच होता ना? मग परत कसा मेला?” मी म्हटलं, “पॉपकॉर्न आणू का?”

शेवटचा प्रसंग तुम्हाला माहीत आहे. मिगेलची पणजी, मामा कोको, चाकाच्या खुर्चीत. कुणाला ओळखत नाही. तो गिटार घेऊन तिच्या बापाचं गाणं हळू म्हणायला लागतो. आधी तिचं एक बोट हलतं, मग ओठ. माझी खोड मी सांगितलीच आहे, मी वळून पाहिलं. थ्रीडीचा चष्मा लावलेलं थिएटर रडताना बघण्यासारखं असतं. काळ्या चष्म्यांची रांगच्या रांग, चेहऱ्यावर काही नाही, आणि मधूनच एखादं बोट चष्म्याखालून आत जातं. मुलं रडत नव्हती. ती पडदा सोडून आपापल्या आयांकडे बघत होती. मागच्या रांगेतला तो “हळू” म्हणणारा मुलगा चष्मा काढून शर्टाला पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

आपल्याकडे श्रेयनामावली सुरू झाली की दारं उघडतात आणि झाडूवाला आत येतो. सगळे उठले. आम्ही अडकलो, कारण आजींची एक चप्पल सापडेना. मुलगा वाकून मोबाइलच्या उजेडात शोधतोय, सून “आधीच सांगत होते काढू नका” म्हणतेय, आणि त्या गडबडीत कुणाचं लक्ष नसताना पडद्यावर नावं संपून फोटो आले. हा सिनेमा बनवणाऱ्यांची गेलेली माणसं. एकमेकांना खेटून लावलेले लहान लहान फोटो, पुष्कळ. झाडूवाला झाडू काखेत धरून उभा राहिला. आजी एक पाय अनवाणी तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं.

चप्पल तीन रांगा खाली सापडली. थिएटरला उतार असतो.