बँकेतल्या प्रोग्रामरनं बांधलेलं बेट

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या बालमित्रांनो,

मी बोलणार म्हटल्यावर बहुतेकांना वाटलं असेल, आता 'मुदत ठेव बरी की म्युच्युअल फंड' ऐकावं लागणार. त्यावर मी लिफ्टमध्ये, जिन्यात आणि कट्ट्यावर रोज बोलतोच. आज मी एका कॉम्प्युटर गेमवर बोलणार आहे. हं, मागची दोन-चार डोकी वर आली. बरं वाटलं.

गेमचं नाव 'मिस्ट'. म्हणजे धुकं. १९९३ साली अमेरिकेत निघाला, म्हणजे आपल्या सोसायटीपेक्षा वयानं मोठाच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गेमचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. कारण असं, की तो ज्या दोन भावांनी केला त्यातला थोरला आमच्या बिरादरीतला, म्हणजे बँकेतला. रँड मिलर त्याचं नाव. टेक्सास राज्यातल्या एका लहान गावातल्या बँकेत तो प्रोग्रामर होता. धाकटा रॉबिन, चित्रं काढणारा. वडील धर्मोपदेशक. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या शाखेत एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगची मशीनं आली होती आणि संध्याकाळी बॅलन्स जुळला की आम्ही देवाला हात जोडत होतो. त्याच सुमाराला तिकडे हा बँकवाला धाकट्या भावाला म्हणाला, आपण लहान मुलांसाठी कॉम्प्युटरवरचं गोष्टीचं पुस्तक करू या.

त्यासाठी त्यांनी जे सॉफ्टवेअर वापरलं त्याचं नाव हायपरकार्ड. ॲपल कंपनीत बिल ॲटकिन्सन या माणसानं ते लिहिलं आणि १९८७ पासून ते मॅकिन्टॉश कॉम्प्युटरबरोबर मिळू लागलं. बँकेत काम केलेल्यांना ते एका वाक्यात कळेल. आपल्याकडे सह्यांच्या नमुन्यांची कार्डं असायची ना, ट्रेमध्ये ओळीनं लावलेली? तसाच हा कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक कार्डावर चित्र, मजकूर, आवाज काहीही ठेवा. आणि चित्रातल्या अमुक जागी बोट लावलं की तमुक कार्ड वर यावं, असं ठरवून द्या. झालं. चार पायऱ्यांची चार कार्डं केली, की माणूस जिना चढल्यासारखा वाटतो.

रॉबिननं पहिलं चित्र काढलं ते रस्त्यातल्या मॅनहोलचं. त्यावर क्लिक केलं की झाकण बाजूला व्हायचं आणि आतून एक वेल सरसर वर यायची. आता खरं तर पुस्तकाचं दुसरं पान काढायचं. पण त्याला वाटलं, पान कशाला उलटायचं? या वेलीवरून वर गेलं तर काय दिसेल, खाली उतरलं तर काय दिसेल, तेच काढत जाऊ. असं करता करता एक आख्खं जग तयार झालं. त्यात जिंकणं नाही, हरणं नाही, शेवट नाही. नुसतं भटकायचं. 'द मॅनहोल' या नावानं ते १९८८ मध्ये फ्लॉपींवर निघालं आणि पुढच्याच वर्षी सीडीवर आलं. त्या वेळी करमणुकीची सीडी ही चीज जवळजवळ कुणी पाहिलेलीच नव्हती. मुलांसाठी त्यांनी अशी आणखी दोन कामं केली. मग सनसॉफ्ट या जपानी कंपनीनं मोठ्या माणसांसाठी काहीतरी करा म्हणून पैसे दिले. त्यातून 'मिस्ट' झाला.

'मिस्ट' सुरू केला की तुम्ही एका ओसाड बेटाच्या धक्क्यावर उभे असता. सूचना काही नाहीत. घड्याळ नाही, मार्क नाहीत, बंदूक नाही, तुम्ही मरतही नाही. वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज फक्त. फिरता फिरता एक वाचनालय सापडतं, त्यात जळलेली पुस्तकं असतात, आणि दोन पुस्तकांत दोन भाऊ अडकलेले असतात. दोघेही म्हणतात, मला सोडव, दुसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. हे भाऊ आणि त्यांचा बाप, तिन्ही भूमिका रँड आणि रॉबिननं स्वतःच केल्या आहेत. वेगळे नट आणायला पैसे होते कुठे! गेमच्या खोक्यात एक कोरी वही द्यायचे, कारण पाहिलेलं टिपून ठेवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मला तो आवडला त्याचं हे एक मोठं कारण. टिपण ठेवणं हा ज्यात नियम आहे असा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

ही कारागिरी थोडी सांगतो, कारण ती दिसत नाही. बेटाची आणि त्यापलीकडच्या जगांची मिळून सुमारे अडीच हजार चित्रं आहेत, सगळी कॉम्प्युटरवर घडवलेली. तेव्हाचा साधा सीडी ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाचायचा. आज मुलांना हा आकडा सांगितला तर ती हसतात. चित्र जड असेल तर खेळणारा क्लिक करून ताटकळत बसणार. म्हणून प्रत्येक चित्र २५६ रंगांत बसवून हलकं केलं. शिवाय माणूस इथून पुढे कुठे जाण्याची शक्यता आहे ते बघून ती चित्रं सीडीवर शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे वाचणाऱ्या डोळ्याला लांब धावायला नको. शाखेत ज्या खातेदाराची ये-जा जास्त त्याचं कार्ड हाताशी ठेवायचं, तोच हिशेब. आणि आवाज! बॉयलरमधल्या जाळाचा आवाज हवा होता. खरा जाळ रेकॉर्ड केला तर तो जाळासारखा वाटेना. मग ख्रिस ब्रँडकॅम्प या त्यांच्या सहकाऱ्यानं अंगणातल्या खडीवरून गाडी हळूहळू चालवली आणि ती करकर रेकॉर्ड केली. ऐकताना तुम्ही शपथेवर सांगाल की लाकडं जळतायत.

६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ साली 'द सिम्स'नं मागे टाकेपर्यंत पीसीवर सर्वांत जास्त खपलेला गेम हाच होता. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, त्यातही 'मिस्ट' होता.

इथपर्यंत यशोगाथा झाली. पण मला बोलायचंय ते यापुढचं.

या माणसांचं काम ज्या हायपरकार्डवर उभं होतं, ते २००४ मध्ये ॲपलनं विकणं बंद केलं. मॅक बदलले, विंडोज बदललं, पुढे पुढे सीडी घालायची फटसुद्धा कॉम्प्युटरवरून गेली. १९९३ ची सीडी कपाटात अगदी जशीच्या तशी असेल, एक ओरखडा नसेल, तरी आजच्या कॉम्प्युटरवर ती आपोआप चालणार नाही. पुस्तकाचं असं होत नाही. आजोबांची पोथी उघडली की उघडली. हे काम मात्र इमारतीसारखं आहे, आणि जमीन खालून सरकत असते.

म्हणून मिलरांच्या कंपनीला, सायान तिचं नाव, हे बेट पुन्हा पुन्हा बांधावं लागलं. विंडोजसाठी १९९४ मध्ये. मग २००० मध्ये 'रिअलमिस्ट', ज्यात स्थिर चित्रं जाऊन मोकळेपणी फिरता येऊ लागलं. २००९ मध्ये आयफोनवर. २०२० मध्ये तर डोक्याला लावायच्या व्हीआर चष्म्यासाठी पायापासून नवा. आपल्या भाषेत बोलायचं तर काही वेळा रंगरंगोटी, काही वेळा स्ट्रक्चरल रिपेअर, आणि शेवटी सरळ पुनर्विकास. पुढचा भाग 'रिव्हन' १९९७ मध्ये पाच सीडींवर आला होता. त्याचा पुनर्विकास २०२४ मध्ये पुरा झाला. गंमत म्हणजे हे काम आधी चाहत्यांनीच स्वतःच्या हौसेनं, बिनपगारी सुरू केलं होतं. पुढे कंपनीनं त्यांना बरोबर घेतलं.

मधल्या काळात फार वाईट दिवसही आले. २००५ मध्ये कंपनीनं जवळजवळ सगळ्या लोकांना घरी पाठवलं होतं, काही आठवड्यांनी परत बोलावलं. त्यांचं 'उरू' नावाचं एक जग होतं, ते इंटरनेटवरून एकत्र फिरायचं. आता सीडी निदान आपल्या हातात असते. इंटरनेटवरचं जग दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतं. त्यानं वीज बंद केली की गाव गायब. 'उरू'चा हा भाग २००४ मध्ये बंद झाला, २००७ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून सुरू झाला, २००८ मध्ये पुन्हा बंद. मग सायाननं हक्क परत मिळवले, २०१० मध्ये ते जग सगळ्यांना फुकट उघडून दिलं आणि खर्च लोकांच्या देणग्यांवर टाकला. पुढच्या वर्षी त्याचा सोर्स कोडही खुला केला. देणग्यांवर चालणारं गाव! आपल्याकडे मेंटेनन्सची थकबाकी वसूल करताना सेक्रेटरींच्या तोंडाला फेस येतो, त्यांनी या गोष्टीचा अभ्यास करावा अशी माझी नम्र सूचना आहे.

हे सगळं आज का सांगतो? आपल्या सी विंगमध्ये एक सभासद आहेत. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारून बोलतोय. वीसेक वर्षांपूर्वी ते मल्टिमीडिया डेव्हलपर होते. शाळेच्या विज्ञानाच्या सीडी केल्या, कारखान्यातल्या कामगारांसाठी सुरक्षेच्या प्रशिक्षणाची सीडी केली, बऱ्याच वेबसाइट केल्या. डायरेक्टर आणि फ्लॅश ही त्यांची हत्यारं. डायरेक्टर अडोबी कंपनीनं २०१७ मध्ये विकणं थांबवलं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर फ्लॅशच्या फाइल चालवायलाच नकार देऊ लागला. मागे त्यांच्या मुलीला कॉलेजात 'पालकांचा व्यवसाय' असा काही प्रकल्प होता. ती म्हणाली, बाबा, तुम्ही केलेलं काहीतरी दाखवा. त्यांच्याकडे बायोडेटावर तेवीस कामांची यादी आहे. उघडून दाखवता येईल असं त्यातलं एकही नाही.

मी चाळीस वर्षं कागद सांभाळले. गवंड्यानं बांधलेली भिंत दिसते, शिंप्यानं शिवलेला सदरा दिसतो. या माणसानं रात्र रात्र जागून केलेलं काम होतं एवढंच आता सांगता येतं, आणि तेही त्याच्याच तोंडून. मला हे फार लागलं.

मिलर बंधू आणि हे आपले सभासद यांच्यात फरक कुठे पडला? हुशारीत पडला असं मी मानत नाही. मिलरांकडे कामाचे हक्क होते, मूळ फाइल होत्या आणि ते काम जगावं असं वाटणारे हजारो लोक होते. २०१८ मध्ये जुने सगळे भाग आजच्या विंडोजवर चालते करायचे म्हणून त्यांनी लोकांकडे पैसे मागितले, तर सुमारे २८ लाख डॉलर जमले. आपल्या सभासदांचं काम गिऱ्हाइकाच्या पैशानं झालेलं, हक्क गिऱ्हाइकाचे. गिऱ्हाइकानं नवी वेबसाइट केली, जुनी पुसली. संपलं. आणि आणखी एक. आपल्या उपविधीत सिंकिंग फंड आहे. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी. वार्षिक सभेत त्यावर कुरकुर होते, पण इमारत म्हातारी होणार हे आपण पहिल्या दिवसापासून धरून चालतो. वेबसाइटच्या करारात असं कलम मी तरी पाहिलेलं नाही.

तेव्हा आपल्या सोसायटीत जी मुलंमुली हे काम करतात, आणि आता प्रत्येक मजल्यावर एक तरी आहे, त्यांना बँकवाल्याचा सल्ला. करारात लिहून घ्या, की कामाची एक प्रत तुमच्याकडे राहील आणि नमुना म्हणून दाखवायचा तुम्हाला हक्क असेल. मूळ फाइल जपा. आणि काम चालू आहे तोवर, कुणीतरी ते वापरतंय असा स्क्रीनचा व्हिडिओ काढून ठेवा. तो खरा गेम किंवा खरी साइट नव्हे, फोटो म्हणजे माणूस नव्हे तसंच. पण मुलीला दाखवायला फोटो तरी हवा.

फ्लॅशवाल्यांना मात्र एक आशा आहे. रफल नावाचं एक सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी बनवलंय, ते जुन्या फ्लॅश फाइल आजच्या ब्राउझरमध्ये चालवतं. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था २०२० च्या नोव्हेंबरपासून त्याच्या मदतीनं असे खेळ आणि ॲनिमेशन जतन करते आहे. सी विंगच्या माळ्यावर सीडींचा एक खोका अजून आहे. त्यातल्या फ्लॅशच्या फाइल वाचता येतात का, ते ए विंगची दोन मुलं सध्या बघतायत. त्यांना बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह हवा आहे. कुणाच्या घरी पडून असेल तर वॉचमनकडे द्या, चिठ्ठीवर फ्लॅट नंबर लिहून.

तोच ड्राइव्ह आपल्यालाही लागणार आहे. ऑफिसच्या कपाटात दहाव्या वर्धापनदिनाची सीडी आहे. त्यात आपल्या बायकांचं नाटुकलं आहे, आणि आज हयात नसलेल्या आपल्या पहिल्या अध्यक्षांचं भाषण आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरला सीडीची फट नाही. ड्राइव्ह मिळाला की आधी तिची नक्कल करू या, असं मी कमिटीला लेखी दिलं आहे.

आणि 'मिस्ट' ज्यांना पाहायचाय त्यांच्यासाठी येत्या रविवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या ऑफिसात. नातवानं पडद्यावर लावून द्यायचं कबूल केलंय. लहान-मोठे कुणीही या. मोबाइल घरी ठेवला तरी चालेल, वही-पेन्सिल मात्र आणा.