भंगारातील चुंबक आणि स्वावलंबनाचा प्रश्न



घरातील जुना संगणक भंगारवाल्याकडे जातो, तेव्हा त्याचे मोल वजनावर ठरते. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांचे भाव त्याला तोंडपाठ असतात. परंतु त्याच संगणकाच्या हार्ड डिस्कमधील चकचकीत चुंबकांना कोणी विचारीत नाही. आजचा विषय हे उपेक्षित चुंबक हाच आहे.

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा चुंबक सिद्ध केला. आकाराने लहान, शक्तीने प्रचंड! विजेवर चालणाऱ्या मोटारीत असे एक-दोन किलो चुंबक लागतात. समुद्रातील गिअरविरहित पवनचक्कीला दर मेगावॉटमागे सुमारे ६०० किलो. त्यांच्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग दुर्मीळ मृदा धातूंचा असतो. हे धातू पृथ्वीच्या कवचात फारसे दुर्मीळ नाहीत. मात्र ते विखुरलेले असतात आणि एकमेकांपासून वेगळे करणे अतिशय कष्टाचे असते. नेमकी हीच विद्या चीनने हस्तगत केली.

त्याचा अर्थ जपानला २०१० मध्ये उमगला. सेन्काकू बेटांजवळील नौकांच्या टक्करीनंतर या धातूंचा पुरवठा अडल्याची तक्रार जपानी उद्योगांनी केली. चीनने अधिकृत बंदी नाकारली. त्याच वर्षी हिताची कंपनीने जुन्या हार्ड डिस्कमधून चुंबक सोडविणारे यंत्र जाहीर केले. भारताला हा धडा २०२५ मध्ये मिळाला. एप्रिलमध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि पुण्याच्या बजाज ऑटोवर विजेच्या स्कूटरचे उत्पादन घटविण्याची वेळ आली.

मग जुने चुंबक परत का मिळवू नयेत? अडचण अशी की, यंत्राचा सरसकट चुरा केला की चुंबक लोखंडाला चिकटतो, भट्टीत जातो आणि त्यातील मौल्यवान धातू मळीत नाहीसे होतात. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाने यावर उपाय शोधला. हायड्रोजन वायूच्या संपर्कात चुंबक फुगतो, त्याची भुकटी होते, चुंबकत्व जाते आणि निकेलचा मुलामा पापुद्र्यांसारखा सुटतो. चाळलेल्या भुकटीतून पुन्हा चुंबक घडविता येतो. धातू वेगळे करण्याचा सारा खटाटोप टळतो.

केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट आहे. १९५० पासून ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी संस्थाही आहे. उणीव होती ती धातूपासून चुंबकापर्यंतच्या साखळीची. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यापूर्वी सप्टेंबरमध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि २०२२च्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्राप्तीची प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोह व ॲल्युमिनियम यांनाच जोडली. ज्याला मोल नाही, ते कोण जपून काढील?

म्हणूनच कारखान्याइतकेच लक्ष भंगाराच्या दुकानाकडे हवे. चुरा करण्यापूर्वी चुंबक वेगळा करणारे हात तेथेच आहेत. त्या हातांना प्रशिक्षण आणि चुंबकाला रास्त भाव मिळाला, तर स्वावलंबनाची ही खाण प्रत्येक शहरात उघडेल.