सदरा कोणत्या देशाचा?

सदरा कोणत्या देशाचा, असा प्रश्न कुणी केला तर आपण चटकन् म्हणू, जिथे शिवला तिथला! पण बंदरावरच्या जकात-अधिकाऱ्याचे एवढ्याने भागत नाही. सूत कुठले, कापड कुठे विणले, हेही तो विचारतो, आणि त्या उत्तरावर जकात माफ की लागू हे ठरते. व्यापारी करारांतील या अटींना ‘उगमाचे नियम’ म्हणतात. कापडाच्या निर्यातीची खरी मेख इथेच आहे.

बांगला देशाचेच पाहा ना. तिथे शिवणारे हात पुष्कळ, पण कापूस फार थोडा पिकतो. युरोपीय संघाने २००१ साली अल्पविकसित देशांना व्यापक जकातमाफी दिली. कपडेही तीत आले. दार उघडले खरे, पण उंबरठा उंच होता. कापड विणायचेही तिथेच आणि शिवायचेही तिथेच, अशी सर्वसाधारण अट होती. बनियनवाल्यांचे निभावले, कारण सूत आणून ते तिथेच विणता येई. सदरे-विजारी शिवणाऱ्यांना मात्र परदेशी कापडावाचून गत्यंतर नव्हते. २०११ च्या जानेवारीपासून ही अट सैल झाली, नुसती शिलाई पुरेशी ठरली, आणि त्यांच्याही मालाला वाट मिळाली.

मग अट काढूनच टाकावी का? तसे केले तर शिंप्याचे भले होते, पण दूरदेशीचे स्वस्त कापड येऊन शेजारच्या विणकराचा माग थंडावतो. अट कडक ठेवली तर माग चालतो, शिलाईयंत्र थांबते. दोन्हीकडे चूल माणसाचीच आहे!

यातून मधला मार्ग आहे. शेजारी देशाचे सूत-कापड आपलेच मानावे. भारत-श्रीलंका करार १९९८ साली झाला. त्यात श्रीलंकेच्या ८० लाख कपड्यांना सवलत होती, आणि त्यांपैकी ६० लाख भारतीय कापडाचे असावेत असे ठरले. शिलाई त्यांची, कापड आपले! हीच वाटणी आणखी विस्तारली आणि तिसऱ्या देशाच्या बंदरावरही मान्य झाली, तर विदर्भाचा कापूस, इचलकरंजीचा माग आणि ढाक्याची शिलाई एकाच सदऱ्यात नांदू शकतील.

तेव्हा एखाद्या करारात जकात माफ झाल्याचे ऐकाल, तर तेवढ्यावर हुरळून जाऊ नका. धागा कुणाचा चालेल, हे आधी विचारा.