ऐकलेले आणि पाहिलेले
(मोठ, जिल्हा झाशी येथे दिलेले व्याख्यान)



कोणती बातमी खरी मानावी, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. आपल्या मोठपासून जवळच असलेल्या झाशीला १८५८ साली वेढा पडला, तेव्हा पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक शहरात अडकले होते. त्यांनी पुढे लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत चिंतामणराव वैद्य यांनी संपादून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावरील आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली.

या वृत्तांतात दोन प्रकारची माहिती शेजारी शेजारी आढळते. इंग्रजांनी धर्म बुडविणाऱ्या कलमांची यादी केली आहे, असे वाटेत महू येथे शिपायांनी गोडसे यांना सांगितले. अशा यादीला इतिहासात आधार नाही. उलट, झाशी पडल्यानंतरची कत्तल व जाळपोळ त्यांनी स्वतः अनुभवली होती. लेखक एक, प्रामाणिकपणाही एकच. परंतु ऐकलेल्याचे मोल निराळे आणि पाहिलेल्याचे निराळे. म्हणून कोणत्याही बातमीला तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी पाहिले? आपल्यापर्यंत कोणी आणले? मध्ये कोणाचा हात फिरला?

हे प्रश्न न विचारल्याने काय घडते, ते १ जुलै २०१८ रोजी महाराष्ट्रात दिसले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या अफवांमुळे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या अफवा पुढे धाडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण इतरांना सावधच करीत आहोत, असे वाटले असेल.

मग विश्वास कोणावर ठेवावा? जो स्थळ, काळ व सांगणाऱ्याचे नाव देतो, जो घटनास्थळी जातो आणि चूक झाल्यास ती उघडपणे दुरुस्त करतो, त्याच्यावर. आपल्याच बुंदेलखंडात, चित्रकूट येथे, २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू झाले. त्याच्या ग्रामीण स्त्री-वार्ताहर स्वतः गावोगाव जाऊन, माणसांना भेटून बातमी आणू लागल्या. विश्वासाची कसोटी तीच.

दुसरी गोष्ट मिताहाराची. दिवसभर बातम्या ऐकणाऱ्याला अधिक कळते असे नाही. एकच वार्ता दहा वेळा कानी पडली की ती दहा साक्षींनी सिद्ध झाल्यासारखी वाटते. यास्तव सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळ बातम्यांना द्यावी. महत्त्वाची वार्ता परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी पडताळावी. मन प्रक्षुब्ध करणारा मजकूर तर एक रात्र आपल्यापाशीच ठेवावा. सकाळी तो पुढे धाडण्याची इच्छा बहुधा उरत नाही; आणि उरलीच, तर तेच तीन प्रश्न पुन्हा विचारावेत.