मुलाखतीतला ‘मी’



आम्ही काही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, करारांचे कागद वाचता वाचता झाले. त्या कचेरीत पूर्वी माणसे येत ती गेलेली नोकरी परत मिळावी म्हणून. आता त्यांची मुले येतात आणि विचारतात, “दादा, जर्मनीची मुलाखत आहे, काय बोलू?” २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला, तेव्हापासून तर हा प्रश्न वारंवार कानी येतो. त्याचेच उत्तर आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आमच्या ओळखीचा एक टर्नर, लेथवर आठ वर्षे हात बसलेला. मुलाखत संगणकाच्या पडद्यावर झाली. पलीकडून विचारले, “माप चुकू लागले तर तुम्ही काय करता?” हा म्हणाला, “साहेब सांगतील तसे करतो.” नोकरी मिळाली नाही. तो आम्हांस म्हणाला, “दादा, मी तर नम्रपणे बोललो!”

बोलला खराच. परंतु त्याची नम्रता तेथे अडाणीपणा ठरली. जर्मनीत कारागीर बहुधा तीन ते साडेतीन वर्षे कारखाना आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी शिकून परीक्षा देतो. आपले काम आपणच आखावे, करावे आणि तपासावे, ही त्या शिक्षणामागची अपेक्षा. अशा माणसाच्या जागेवर ‘साहेब सांगतील’ म्हणणाऱ्याला कोण घेईल?

आम्ही त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि खोदून खोदून विचारत गेलो. तेव्हा कळले की टूलची धार किती नगांनंतर जाते, याची टिपणे तो स्वतःच्या वहीत ठेवीत होता. माप हलू लागले की मशीन थांबवी, टूल बदली, पहिला नग मोजी आणि मगच पुढे जाई. हे मुलाखतीत का नाही सांगितले? “आपलीच स्तुती कशी करायची?”

समर्थांनी आत्मस्तुती मूर्खलक्षणांत घातली, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु केलेल्या कामाचा हिशेब देणे म्हणजे स्तुती नव्हे. ‘मी फार हुशार आहे’ ही स्तुती. ‘मी ही वही ठेवली, त्यामुळे नापास नग कमी झाले’ हा हिशेब. तेथे उठून दिसतो तो हिशेब देणारा. दोष विचारला तर ‘मी फार कष्ट करतो हाच माझा दोष’ असले गोड उत्तर देऊ नये. ‘माझी जर्मन अजून कच्ची आहे, रोज एक तास शिकवणीला जातो’ हे खरे उत्तर पुरे. मध्ये दोन वर्षे गिरणी बंद पडून घरी बसावे लागले असेल, तर तेही लपवू नये. त्या काळात काय केले ते सांगावे.

शेवटी ‘तुम्हांला काही विचारायचे आहे का?’ असे बहुधा विचारतात. आपली मुले मान हलवतात. तसे करू नये. ‘हा कारखाना कामगार संघटनेशी झालेल्या सामुदायिक कराराला बांधलेला आहे काय? माझी वेतनश्रेणी कोणती?’ असे सरळ विचारावे. वेतनाची अपेक्षा विचारली, तर वर्षाचा, कर आणि विम्याची वर्गणी कापण्यापूर्वीचा आकडा सांगावा. आणि लक्षात ठेवा, तुम्ही कोणत्या युनियनचे सभासद आहात, हे नेमणुकीपूर्वी विचारण्याचा हक्क तेथील सर्वसाधारण मालकाला नाही. स्त्रीला ती गरोदर आहे काय, हेही विचारता येत नाही. असा प्रश्न आलाच आणि उत्तर खरे दिले नाही, तरी कायदा त्याचा दोष उमेदवाराला देत नाही.

आता आपण म्हणाल, जन्मभर ‘मी’ सोडा, ‘आम्ही’ म्हणा, असे सांगणारा हा गृहस्थ आज ‘मी’चा पाढा कसा शिकवतो? प्रश्न रास्त आहे. आम्हांसही तो रात्री छळतो. त्याचे उत्तर आम्हांस जर्मन कायद्यातच सापडले. जेथे वीसहून अधिक मतदार कामगार आहेत आणि कामगारांनी निवडलेले मंडळ आहे, तेथे नव्या माणसाला घेण्यापूर्वी मालकाला त्या मंडळाची संमती घ्यावी लागते. म्हणजे मेजापलीकडे दिसत नसले, तरी तुमच्या नेमणुकीत तेथल्या ‘आम्ही’चा हात असतोच.

तो टर्नर दुसऱ्या मुलाखतीला वही घेऊन बसला. अजून उत्तर यावयाचे आहे. ते काहीही येवो, आपल्या हातांना काय येते हे त्याने प्रथमच आपल्या तोंडाने सांगितले. ज्याला स्वतःच्या कामाची किंमत सांगता येत नाही, त्याच्या ‘आम्ही’लाही वजन येत नाही. म्हणून मुलांना आमचे सांगणे इतकेच : मुलाखतीत ‘मी’ म्हणा, आणि फाटकातून आत गेलात की ‘आम्ही’ म्हणावयास विसरू नका.