डॉक्टरांची आजचीच वेळ हवी असेल, तर फोनवर काय सांगाल?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की चिंगी कशी आहे आता? चिंगी मस्त आहे. आत्ता हे रेकॉर्ड करतोय तर टेबलाखाली माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलीये. मध्येच घोरण्याचा आवाज आला तर तो माझा नाही, एवढं लक्षात ठेवा.

आज तिचीच गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण त्यात चूक माझीच आहे. पण तुमच्या घरी कुत्रा असेल, तर ही पंधरा मिनिटं कधीतरी नक्की उपयोगी पडतील.

तर झालं असं. चिंगी म्हणजे आपली साधी देशी कुत्री. सहा वर्षांची, वजन अठरा किलो. मी आणि माझा रूममेट पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, तिथेच ती आमच्याबरोबर असते. एका शुक्रवारी तिने जेवण सोडलं. आम्ही म्हटलं, उकाडा आहे, एखाद दिवस नाही खात. शनिवारीही ताट तसंच. मग संध्याकाळी मी क्लिनिकला फोन लावला.

मी काय म्हणालो असेन? "हॅलो, आमची कुत्री जरा सुस्त आहे, जेवत नाहीये. अपॉइंटमेंट मिळेल का?"

रिसेप्शनवरच्या मॅडम म्हणाल्या, "सोमवारी संध्याकाळी साडेपाच." मी "ओके, थँक यू" म्हणालो आणि फोन ठेवला.

आता त्या मॅडमच्या जागी बसून बघा. "सुस्त आहे, जेवत नाही" असे फोन त्यांना दिवसभर येत असणार. त्यात कुणाच्या कुत्र्याने आदल्या दिवशी लग्नाच्या पंगतीतलं खाल्लेलं असतं, आणि कुणाचा कुत्रा खरंच मरायला टेकलेला असतो. दोघांचे मालक तेच दोन शब्द बोलतात. समोर कुत्रा नाही, फक्त आवाज आहे. त्यांनी तरी काय ओळखावं?

आणि मला माहीत असलेल्या दोन गोष्टी मी सांगितल्याच नव्हत्या. एक म्हणजे, दोन दिवस चिंगी पाण्याचं भांडं सारखं रिकामं करत होती. ते मला महत्त्वाचं वाटलंच नाही, उन्हाळाच होता. दुसरी गोष्ट मात्र मी मुद्दाम गाळली. तिच्या चादरीवर मला पिवळसर डाग दिसला होता, आणि ती शेपटीखाली सारखी चाटत होती. पण शेजारी रूममेट आणि त्याचे दोन मित्र बसलेले, फोनवर अनोळखी मुलगी. कसं सांगायचं तेच सुचेना. म्हणून नाही सांगितलं. बस, एवढंच कारण.

त्या रात्री तिला तीन उलट्या झाल्या. रविवारी सकाळी आजीचा फोन आला. आजी फलटणजवळ गावाला असते, आयुष्यभर म्हशी सांभाळल्यात तिने. मी सहज म्हटलं, चिंगीचं बरं नाहीये. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "माजावर कधी आलती रं?"

मी गप्प. मग आठवून सांगितलं, "झाला असेल दीड महिना."

"पाणी लई पिती का? शेपटीखाली बघितलंस का? पिशवीत पू झाला आसंल तिच्या. लाजत काय बसलाय, उचल आन् ने डॉक्टरकडं!"

आजीने जे दोन मिनिटांत ओळखलं, त्याला डॉक्टरी भाषेत पायोमेट्रा म्हणतात. गर्भाशयात पू साठतो. ऑपरेशन न केलेल्या कुठल्याही मादीला हा होऊ शकतो, वय वाढेल तसा धोका वाढतो, आणि बहुतेक वेळा तो हीट संपल्यानंतरच्या दोनेक महिन्यांत होतो. खाणं सुटतं, तहान वाढते, उलट्या होतात. कधी पू बाहेर येतो, कधी तोंड बंद राहून आतच साठत जातो. तो प्रकार जास्त धोक्याचा, कारण बाहेर काहीच दिसत नाही. विष रक्तात पसरलं तर कुत्री वाचवणं अवघड होतं.

मी पुन्हा त्याच क्लिनिकला फोन लावला. या वेळी कागदावर लिहून घेतलं होतं. म्हटलं, "मॅडम, सहा वर्षांची मादी आहे, अठरा किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही. दीड महिन्यापूर्वी हीटवर होती. दोन दिवस काही खाल्लेलं नाही, रात्रीत तीन उलट्या, पाणी नेहमीच्या दुप्पट पितेय, आणि शेपटीखालून पिवळसर पू येतोय."

त्याच मॅडम होत्या. म्हणाल्या, "एक मिनिट, होल्ड करा." अर्ध्या मिनिटात डॉक्टर स्वतः फोनवर. "आत्ताच्या आत्ता घेऊन या. खायला काही देऊ नका."

दोन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून नाही म्हटलं. तिसऱ्याला आम्ही सीटवर चादर टाकून दाखवली, तेव्हा तो तयार झाला. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सलाइन लावलं आणि संध्याकाळी ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. पैसे रूममेटकडून उसने घेतले, अजून फेडतोय. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "पू येतोय हे काल का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर मंडळी, आजचा मुद्दा हा आहे. वेळ लवकर मिळणं हे बऱ्याचदा आपण फोनवर पहिल्या तीस सेकंदांत काय बोलतो त्यावर ठरतं. ओळख नको, आरडाओरडा नको, आणि खोटं तर अजिबात नको. उगाच "मरायला टेकलाय" म्हणून नंबर लावलात, तर खरंच मरायला टेकलेल्या एखाद्याचा नंबर मागे जातो. फक्त नेमकं बोला.

नेमकं म्हणजे काय? वय, नर की मादी, नसबंदी झालीये का, वजन. मादी असेल तर शेवटची हीट कधी. मग त्रास कधीपासून आणि किती वेळा. "उलट्या होतायत" असं मोघम नको, "सकाळपासून चार वेळा, शेवटची पिवळी" असं सांगा. लघवी होतेय का, शी कशी आहे, रक्त आहे का. लसीकरण झालंय का. आणि घरचं कुठलं औषध दिलंय का, तेही लपवू नका. यावरून आठवलं, आपली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला मनाने कधीच देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, किडनी जाऊ शकते. पॅरासिटामॉलसुद्धा विषारी ठरू शकतं.

दोन गोष्टी घरीच मोजता येतात. कुत्रा शांत झोपलेला असताना छातीची हालचाल पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. आकडा तीसच्या वर सतत जात असेल, तर फोनवर सांगा. दुसरं, हिरड्या बघा. त्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढऱ्या होतात, आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हव्यात. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, म्हणून कुत्रा बरा असतानाच एकदा बघून ठेवा.

आणि फोन हातात आहेच, तर तो वापरा. विचित्र चालणं, झटका, खोकला यांचा व्हिडिओ काढा. उलटीचा, शीचा फोटो काढा. घाण वाटते, मान्य. डॉक्टरांना वाटत नाही.

आता काही वेळा अशा असतात, की अपॉइंटमेंट मागतच बसायचं नाही. निघायचं आणि रस्त्यातून "आम्ही येतोय" असा फोन करायचा. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसतायत. श्वास घ्यायला धडपडतोय. पोट ढोलासारखं फुगलंय, उलटीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाहीये. लघवीला बसतो पण थेंबही येत नाही. फिट पाच मिनिटांवर चाललीये किंवा एकामागून एक येतायत. उंदराचं औषध खाल्लंय, साप चावलाय. पिल्लाला रक्ताची पातळ शी होतेय, ही पार्व्होची शक्यता असते. यात उद्या नाही, संध्याकाळही नाही.

उलट, कान खाजवतोय, नख तुटलंय, जरासा लंगडतोय पण खातोय-पितोय, अशा वेळी उद्याची वेळ मिळाली तर ती घ्या. आजची जागा दुसऱ्याला लागेल.

आणि सगळं नीट सांगूनही वेळ नाही म्हणाले तर? लगेच फोन ठेवू नका. तीन प्रश्न विचारा. "येऊन बसलो, मधे कधी बघाल का?" "कुणी रद्द केलं तर मला कळवाल का?" आणि "तुमच्याकडे आज जमत नसेल, तर तुम्ही कुणाकडे पाठवता?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक क्लिनिककडे तयार असतं.

शेवटी, सरकारी आणि धर्मादाय दवाखाने विसरू नका. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तिथे गाई-म्हशींबरोबर कुत्री-मांजरंही येतात. तुमच्या जवळचं कुठलं आणि ते किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे आजच शोधा. रविवारी रात्री अकराला शोधायला जाऊ नका.

तर हा भाग संपला की एक काम करा. फोनमध्ये तीन नंबर सेव्ह करा: नेहमीचे डॉक्टर, रात्री उघडं असणारं एक ठिकाण, आणि कुत्रा घेऊन येणारा एखादा रिक्षावाला. मी आमच्या त्या तिसऱ्या रिक्षावाल्या काकांचा नंबर "चिंगी रिक्षा" म्हणून सेव्ह केलाय. त्याच फोल्डरमध्ये लसीच्या कार्डचा फोटो टाका. आणि घरी मादी असेल तर हीटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे मला माझ्या आजीने शिकवलंय.

चला, चिंगी उठली. तिला फिरायला जायचंय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, तुमची आणि त्यांचीही.