तीव्र फ्लूवरील औषधांचा शोध

पेशीत वाढलेल्या फ्लूच्या विषाणूंस बाहेर सुटण्याकरिता न्यूरामिनिडेझ हे विकर लागते. १९८३ साली ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन व सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली; त्या कुलुपाला अडविणारी औषधे, झानामिव्हिर व ओसेल्टामिव्हिर, १९९९ मध्ये आली. दुसऱ्याचा कच्चा माल मसाल्यातील चक्रीफुलातून मिळतो, हे अनेकांस ठाऊक नसेल! २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा हीच गोळी हाताशी होती. मात्र ती ४८ तासांच्या आत घेतल्यास अधिक गुणकारी, आणि अत्यवस्थ रुग्ण बहुधा उशिराच येतो. ज्यास गिळवत नाही, त्याच्याकरिता शिरेतून देण्याचे पेरामिव्हिर निघाले. २०१८ मध्ये जपानने मान्य केलेले बालोक्झाव्हिर तर विषाणूची वाढच रोखते. तरीही अतिदक्षता विभागातील रुग्णासाठी खात्रीचे औषध अद्याप हाती आलेले नाही.